नलिनीचं सुतक

अंबड, श्रावण वद्य चतुर्थी, शके १८५९

उमावन्सं,

नमस्कार-चमत्कार मागून. आधी एवढंच सांगा, तुम्ही जिवंत आहात ना?

असं विचारते म्हणून रागावू नका. तुम्ही सिकंदराबादेला आहात, मुलींच्या शाळेत शिकवता, हे मला परवापर्यंत पक्कं ठाऊक होतं. तुमचे थोरले दीर पुंजाराम चोळ्या शिवून द्यायला येतात, तेव्हा उंबऱ्यातूनच हळू सांगतात, "बरी हाय वैनी, काळजी नसावी." तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं. पण काल दुपारी तुमच्या आई उठल्या, विहिरीवर गेल्या, लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्यानं मागच्या खोलीत जाऊन भिंतीशी बसल्या. वन्सं, त्यांनी तुमचं सुतक धरलंय! आणि हे माझ्यामुळं झालंय.

पहिल्यापासून सांगते. माझा नाद तुम्हांला ठाऊक आहे. आळीत कुणाचं डोहाळजेवण असो की हळदीकुंकू, उखाणा रजनीकडून करून न्यायचा. तुम्ही मार्तंड मास्तरांशी लग्न केलंत, काकासाहेबांनी, सख्ख्या बापानं, तुमच्या नावानं आंघोळ केली, आणि "मेलेल्या माणसाचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई" असं ठणकावलं, त्यानंतर घर कसं गप्प झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. त्या गप्प घरात मला करमेना. म्हणून मी गोष्टी लिहायला लागले. प्रेमाच्या. हसू नका! तुमच्या दादांनी तहसिलीतले एका बाजूला उर्दू लिहिलेले रद्दी कागद आणून दिले, त्यांच्या पाठीवर लिहायची.

चातुर्मासात दुपारी आपल्या ओसरीवर बायका लाख वाती वळायला जमतात. शेजारच्या चतुराबाई एक दिवस म्हणाल्या, "नुसतं कापूस पिंजून काय राह्यलीस, रजनीबाई, वाच की काही." तेव्हापासून मी वाचते, त्या वळतात आणि हूं म्हणतात. कहाणी ऐकताना हूं म्हणायचा रिवाज मोडायचा नाही ना! वन्सं, मी काही शिकले असेन तर त्या हूंवरून. हूं ढिला पडला की तिथं बोटानं कागद दुमडून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते पान नव्यानं लिहायचं. आणि सगळ्यांत बारीक, सगळ्यांत खरा हूं तुमच्या आईंचा.

दोन वर्षांपासून एकच लांब गोष्ट चालू आहे. नलिनी नावाच्या मुलीची. ती घरच्यांना न जुमानता आपल्या मनाच्या माणसाशी लग्न करते, दूर गावी संसार मांडते, तिला मुलगी होते. पुण्याच्या एका मासिकाकडं मी ती पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, "भाषा गोड आहे, पण हा हौशी बायकांचा खेळ झाला. नायिकेला एवढं सुख देऊ नका. तिला मारा, म्हणजे कादंबरी होईल." मला झोंबलं. मंग मी आठ दिवस चुलीपाशी बसूनही नलिनीच्याच मरणाचा विचार केला. शेवटी तिला माहेराच्या ओढीनं निघायला लावलं आणि शहागडला गोदावरीच्या पुरात तिची नाव उलटवली. पोर तेवढी काठावर राहिली.

काल ते वाचलं. काय सांगू, चतुराबाई ओक्साबोक्शी रडल्या. वाती कुणी वळेना. खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं. वाटलं, जमलं बाई! तेवढ्यात तुमच्या आईंनी हातातला कापूस खाली ठेवला आणि विचारलं, "कवा गेली?"

मी म्हटलं, "श्रावणात, सासूबाई. पुरात."

"सापडली का?"

आणि मी, मेली शहाणी लेखिका, मोठ्या ठसक्यात म्हटलं, "नाही सापडली. तसंच ठेवलंय मी."

त्या उठून विहिरीवर गेल्या. पाणी ओतून घेताना मोठ्यानं ओरडल्या, "उमेऽऽ!" पाच वर्षांत ते नाव ह्या घरात पहिल्यांदा निघालं. हे पत्र पोचताच उलट टपाली एक ओळ टाका. हात जोडते.

तुमची वहिनी
रजनी

अंबड, श्रावण वद्य षष्ठी

उमावन्सं,

पहिलं पत्र पोचलं असेल नसेल. राहवत नाही म्हणून दुसरं लिहिते.

आता मला सगळं कळलं, आणि जितकं कळतंय तितकी मी हादरून जातेय. सासूबाईंना ती गोष्ट कधी गोष्ट वाटलीच नव्हती! त्यांना वाटायचं, पुंजाराम तुमची खबर आणतात, आणि नाव घ्यायची बंदी म्हणून मी ती नलिनीच्या नावानं ओसरीवर सांगते. मी म्हटलं, "सासूबाई, मी मनानं रचलं हो सगळं!" तर म्हणाल्या, "सासुरवाशिणीनं निरोप सरळ कवा धाडलाय? जात्यावर बसून आम्ही बी पाखराच्या नावानं मायला सांगत आल्तोच की."

"पण नलिनी निराळी, तुमची लेक निराळी."

"मला येडी समजून राह्यलीस? खोटं बोलताना भुवई खाजवती ती कोण? दुधावरची साय बोटानं काढून खाती ती कोण?"

नलिनी रंगवताना डोळ्यांपुढं तुम्हीच होता. मला दुसरी प्रेम केलेली बाई ठाऊकच कुठं होती!

आता एकेक आठवतं. नलिनीला ताप आला ते वाचलं, त्या मंगळवारी सासूबाई अनवाणी मत्स्योदरी देवीचा डोंगर चढून आल्या. नलिनीनं नवं घर मांडलं, त्या दिवशी पुरण घातलं. मी म्हटलं, "आज काय विशेष?" तर "सहज." नलिनीला मुलगी झाली तेव्हा आळीभर सुंठवडा वाटला, "सहज." आणि मी येडी मनात म्हणायची, आपल्या सासूबाईंना साहित्याची केवढी गोडी!

काकासाहेब त्या दिवशी घनसावंगीला गेल्ते. संध्याकाळी आले तर चूल थंड. "कोण गेलं?" म्हणाले. सासूबाई आतूनच बोलल्या, "तुमची लेक."

त्यांचा पटका हातातच राहिला. मी सारखी सांगतेय, "काकासाहेब, तसं काही नाही, ती माझी गोष्ट आहे," पण मला बोलायलाच कुणी देईना. ते घसा खाकरून म्हणाले, "तिचं सुतक पाच वर्षांमागंच फिटलं."

"ते तुमचं फिटलं. माझं आज लागलं."

"लेकीचं तीन दिवस असतं. लग्न झालेल्या लेकीचं."

"लग्न तुम्ही कुठं मानलंत? तुमच्या हिशेबानं ती ह्याच घरची, बिनलग्नाची गेली. मी दहा दिवस धरीन. धाव्याला पिंड बी ठेवीन."

वन्सं, चाळीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं नवऱ्यापुढं तोंड उघडलेलं नाही. काकासाहेब ओसरीवर जाऊन बसले. मी पाणी द्यायला गेले तर माझ्याकडं न बघता विचारलं, "शहागडची नाव उलटली हे तुला कुणी सांगितलं, सूनबाई?" म्हटलं, "कुणी नाही, मीच उलटवली." त्यांनी पेला तोंडाला लावला, पण पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. लेकीला मेली म्हणणारा हाच माणूस, आणि ती मेली म्हटल्यावर त्याला पाणी गिळेना. तुम्ही त्यांच्यावर रागावलेल्या आहात, रागवाही. पण हे मी पाहिलं, ते तुम्हांला कळवलं पाहिजे.

तुमच्या दादांनी आपल्या परीनं समजावलं. "आई, मामानं जुळलेले कावळे पाह्यले होते, म्हणजे मरणाचा अपशकुन, तेव्हा तो टळावा म्हणून मामा मेला असं मुद्दाम खोटं कार्ड पाठवलं होतं की नाही? तू ऊर बडवून रडलीस, आणि तुझ्या रडण्यानं त्याचं मरण टळलं म्हणून तोच मामा पुढच्या महिन्यात येऊन श्रीखंड खाऊन गेला. तसंच समज." त्या म्हणाल्या, "मामा दारात उभा राह्यला तवा मी खोटं मानलं. हिला उभी करा, मंग बोला."

त्या काही खात नाहीत. ताक तेवढं घेतात, तेही चतुराबाईंनी शपथ घातली म्हणून. डोळे खोल गेलेत.

आणि ह्या सगळ्यांत आज पुण्याहून टपाल आलं. मी शेवटचं प्रकरण आधीच रवाना केलं होतं ना! संपादक लिहितात, "आता तुम्ही लेखिका झालात. कार्तिकापासून क्रमशः छापतो." दोन वर्षं ह्या एका ओळीची वाट पाहिली होती. ती वाचली आणि कागद पाटाखाली सारला. तुमच्या दादांनी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं नि माझा चेहरा पाहून मिटलं. मी लगेच उलट कळवलंय, छापू नका, शेवट परत करा.

एक ओळ, वन्सं. एकच.

रजनी

अंबड, श्रावण वद्य नवमी

उमावन्सं,

तुमचं पत्र आज आलं. अक्षर पाहताच मी अंगणातच फतकल मारून बसले आणि हसत-रडत सुटले. आता आजचा कहर ऐका.

पत्र घेऊन धावत मागच्या खोलीत गेले. म्हटलं, "सासूबाई, उमावन्संचं पत्र! जिवंत आहेत, सुखात आहेत!" आणि तुमची ती चार पानं पहिल्यापासून वाचली. शाळा, घराजवळचं चिंचेचं झाड, मास्तरांचा दमा, आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण, सगळं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. हूं मात्र एकदाही म्हटला नाही. वाचून झालं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी लई तसदी घेऊन राह्यलीस, पोरी. पण ह्या खेपेला बराबर जमलं न्हाई. नलिनी बोलायची ती अशी कोरडी न्हाई बोलायची."

वन्सं! तुमचं खरंखुरं पत्र त्यांना माझी पडलेली गोष्ट वाटली!

मी कागद पुढं धरला, "अक्षर तरी बघा." पण त्यांना अक्षरओळख नाही, त्यांना सगळं लिहिणं सारखंच. तुमच्या दादांनी वाचून दाखवलं तर म्हणे, "बायकोनं पढवलंय." पुंजारामांना बोलावून देवाची शपथ घ्यायला लावली तर म्हणे, "हा बिचारा भला माणूस, पुण्य म्हणून खोटं बोलून राह्यलाय." मी किती चांगलं खोटं रचते हे गावाला इतकं पटलंय की माझ्या तोंडून खरं निघालं तरी कुणाला खरं वाटेना. लेखिका व्हायचं होतं ना मला? झाले.

आता मुद्द्याचं. द्वादशीला दहावा दिवस. भटजी जिवंत माणसाचा पिंड ठेवायला तयार नाहीत, तर त्या म्हणतात, "मीच भात शिजवते, मीच नदीवर नेऊन ठेवते." लेक जिवंत असताना आईनं तिचा पिंड ठेवायचा, हे नुसतं लिहिताना अंगावर काटा येतो. आणि त्यांच्यात नदीपर्यंत चालायचंही बळ उरलेलं नाही. मला भीती वाटते की पिंड ठेवला की त्या स्वतःलाही सोडून देतील.

म्हणून पुंजाराम स्वतःच निघालेत. आजच्या गाडीला जालन्याहून बसतील. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. वाचून जल्दी पिशवी भरा आणि त्यांच्याबरोबर या. "मेलेली म्हणून ज्या घरानं आंघोळ केली, त्या उंबऱ्यावर कशी येऊ" असं तुम्ही लिहिलंय. तुमचं बिलकुल बरोबर आहे. काकासाहेब काय करतील ते मला सांगता येत नाही. मी विचारलं, "उमावन्सं आल्या तर?" ते काही बोलले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि नाही म्हणायला त्यांना कधी वेळ लागत नाही.

या. मी कथेत तुम्हांला आणायला निघाले होते आणि वाटेत बुडवलं. आता पाय धरते, पायांनी चालत या.

रजनी

अंबड, भाद्रपद शुद्ध एकादशी

उमावन्सं,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं पुंजारामांकडून कळलं. तीन दिवसांमागं महालक्ष्म्या उठल्या. दर वर्षी लक्ष्म्या बसवताना सासूबाई एक वाटी जास्तीची मांडून झाकून ठेवत. ती कुणाची ते आम्ही विचारत नव्हतो. ह्या वर्षी त्यांनी ती उघडी मांडली.

तुम्ही अंगणात आलात तेव्हाचं सगळं तुम्ही पाहिलं. त्याच्या आधीचं पाहिलं नाही, ते सांगते. त्या चुलीपुढं होत्या. भात निवत घातला होता. मी शेजारी बसून विनवत होते, "आणखी घटकाभर थांबा." इतक्यात बाहेरून तुमची हाक आली, "आईऽ!" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "आवाज बी तस्साच काढून राह्यलीस गं."

मी काही बोलले नाही. परत हाक आली, "आई गं!" तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझं तोंड मिटलेलं होतं. किती तरी वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिल्या, आणि मग हात भाताचे तसेच घेऊन ज्या पळाल्या! दहा दिवस ताकावर राहिलेली बाई! तुमच्या गालाला शितं लागली होती ना, ती तुमच्या पिंडाची. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. झटकलीत ते बरं केलंत.

काकासाहेब ओसरीवरून उठले. वाटलं, आता गरजतील. गरजलेच, पण काय, तर "भाकरीचा तुकडा ओवाळून टाकल्याबिगर लेकीला आत कशी घेऊन राह्यलात? घरात कोणाला काही कळतं का न्हाई?" पाच वर्षांची अढी आणि शेवटी रागावले ते भाकरीच्या तुकड्यावरून. तुकडा आणायला आत पळाले तर मला डब्यात भाकरीच सापडेना, डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या छातीत रुतून बसलंय. सासूबाईंनी तुमच्यामागं पाहिलं, पुंजारामांच्या मागं पाहिलं, दारापर्यंत जाऊन आल्या आणि विचारलं, "नात कुठंय?"

तुम्ही म्हणालात, "कुठली नात, आई?"

वन्सं, माझ्यावर वीज पडली असती तर बरं. लेक परत आणून दिली, पण जिच्या नावानं सुंठवडा वाटला ती नात मी त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतली. तुम्हांला मूल नाही हे पुंजाराम कधी बोलले नव्हते, आणि मी मनाला येईल तसं लिहीत गेले. तुमच्याही जखमेवर बोट ठेवलं गेलं. त्यांनी पेटीतून ते दुपटं काढून तुमच्या हातात दिलं, आपल्या जुन्या लुगड्यांचं शिवलेलं, तेव्हा तुम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतात. मी खांबाआड होते. तोंडात पदर कोंबून उभी होते.

तुम्ही गेल्यावर मी ठरवलं, आता लेखणी मोडायची. उखाणेसुद्धा नकोत. ज्या हातानं माणसं मरतात तो हात पोळ्या लाटायलाच बरा. पुण्याहून उत्तर आलं होतं, "नायिकेला जगवणार असाल तर कादंबरी परत पाठवतो. मरणाशिवाय ती हौशी आहे." मी म्हटलं, असू दे हौशी. येऊ दे परत.

परवा दुपारी पुन्हा सगळ्या वाती वळायला बसल्या. मी सूप घेऊन कोपऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, "वाच."

मी म्हटलं, "आता काही लिहीत नाही, सासूबाई."

"का? त्या नलिनीचं छापायचं होतं ना पुण्याला?"

"नको. मी कळवलंय त्यांना. तिला मारलेलं छापू नका म्हणून."

हातातली वात त्यांनी पुरी वळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "येडी का खुळी तू! कावळ्याचं कार्ड इसरलीस? खोट्या मरणाला जितकं खरं रडावं, तितकं माणसाचं आयुष्य वाढतं. मी एकटी दहा दिवस रडले, तर पोर दारात आली. पुण्या-मुंबईच्या बाया रडल्या तर ती शंभर वर्षं जगंल. मार तिला. बराबर मार. अशी मार की दगडाला बी पाणी सुटलं पायजे."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. चतुराबाई म्हणाल्या, "अगं बाई!" आणि पदर डोळ्यांना लावून आतापासूनच तयारीला लागल्या.

"आणि त्या जागी," सासूबाई म्हणाल्या, "नाव उलटायच्या येळी तो नावाडी उगंच लांबण लावून बोलून राह्यलाय. तिथं माझं रडणं मधीच थांबलं. ते काढून टाक. बुडणाऱ्या माणसाजवळ कोणी भाषण करतं का?"

वन्सं, खरंच तिथं हूं ढिला पडला होता. मीच दुमडायचं विसरले होते. संपादकांना ते दिसलं नाही, त्यांना दिसलं.

"आणि नातीला हात लावायचा न्हाई," जाता जाता म्हणाल्या. "ती काठावरच राहू दे. तिचं दुपटं दिलंय मी."

काल संपादकांना लिहिलं, थांबा, शेवट नव्यानं पाठवते. आज पहाटेपासून बसलेय. नावाड्याला गप्प केला, आणि तो गप्प होताच नदीचा आवाज ऐकू यायला लागला. सासूबाई समोर बसल्यात, त्यांनी मला काम नको म्हणून स्वतः भाजी निवडायला घेतलीय. काकासाहेब ओसरीवरून दोनदा खाकरून विचारून गेले, "झालं का गं शहागडचं?"

ते दुपटं घडी मोडून उन्हात टाकत जा, कसर लागते. आणि मास्तरांना विचारा, आणि तुम्ही स्वतः मनापासून सांगा, हरकत तर नाही ना? तुमचा होकार आला की मी तुम्हांला पुन्हा एकदा बुडवते.

तुमची
रजनीवहिनी